बंद पडलेली साइट पुन्हा उघडली कुणी?

ज्या साइटवर मी एकेकाळी जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या दुरुस्तीबद्दल लिहायचे, ती बंद पडून बरीच वर्षं झाली होती. संपादकाला नोकरी, संसार आणि सर्व्हरचं भाडं हे तिन्ही एकदम झेपेना, वाचकही ओसरले होते. निरोपाचा एक मजकूर टाकून त्याने कुलूप लावलं. भांडण नाही, तंटा नाही. त्यामुळे एका जुन्या वाचक मैत्रिणीचा मेसेज आला, "अगं, पुन्हा लिहायला लागलीस आणि सांगितलंही नाहीस!", तेव्हा मला वाटलं ती दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय. लिंक उघडली. तोच लोगो, तेच रंग, लेखाखाली माझंच नाव. फोटो मात्र कुणा परक्या बाईचा.

लेख पाऱ्याच्या बॅटरीवर होता. १९६०-७०च्या दशकांतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांच्या लाइट मीटरला, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या भागाला, पीएक्स ६२५ नावाची बटणासारखी बॅटरी लागायची. ती १.३५ व्होल्ट द्यायची आणि संपेपर्यंत जवळपास तेवढेच देत राहायची, म्हणून मीटर तिच्यावर बेतलेले. पारा घातक म्हणून ती बाजारातून गेली. त्याच मापाची अल्कलाइन बॅटरी खाचेत बसते खरी, पण ती १.५ व्होल्टवर सुरू होते आणि वापरता वापरता उतरत जाते, त्यामुळे मीटरवर विश्वास ठेवता येत नाही. माझ्या मूळ लेखाचा सगळा मुद्दाच हा होता. नव्या लेखात, माझ्या नावाखाली, लिहिलं होतं की अल्कलाइन बॅटरी 'अगदी तशीच चालते'. नाव चोरलं याचा राग आलाच, पण झोप उडवली ती या वाक्याने. कुणीतरी ते वाचून अख्खा रोल वाया घालवणार आणि शिव्या मला देणार.

हा प्रकार नवा नाही, एवढं मला ठाऊक होतं. 'द हेअरपिन' ही २०१८मध्ये बंद झालेली साइट पुढे दुसऱ्याच कुणी घेऊन यंत्रलिखित मजकुराने भरल्याची बातमी २०२४च्या सुरुवातीला गाजली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये २०१५ला बंद पडलेली 'टीयूएडब्ल्यू', म्हणजे अ‍ॅपलविषयीची एक जुनी साइट, अशीच उठून बसली, आणि तिथे तर जुन्या लेखकांची खरी नावं नव्या मजकुराला चिकटवली होती. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. पण ती मोठी नावं होती, त्यांच्यामागे पत्रकार लागले. आमच्या कोपऱ्यातल्या साइटमागे कोण लागणार? मग म्हटलं, आपणच लागू.

पहिला फोन संपादकाला. "मी विकली नाही रे बाबा कुणाला," असं तो मलाही रे म्हणत म्हणाला, घाबरला होता बिचारा. डोमेनच्या, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या, नूतनीकरणाच्या सूचना जुन्या ईमेलवर जात होत्या, तो ईमेल साइटबरोबरच बंद झालेला, कार्डाची मुदत संपलेली. म्हणजे डोमेन सुटलं होतं. कुणाच्या हाती पडलं, हा प्रश्न.

असा प्रश्न पडला की लोक आधी हूइज बघतात, म्हणजे कोणतं डोमेन कुणी घेतलंय याची सार्वजनिक नोंद. मीही बघितलं, आणि अपेक्षेप्रमाणे मालकाच्या रकान्यात काहीच नव्हतं. २५ मे २०१८ला युरोपचा जीडीपीआर हा खासगी माहिती जपण्याचा कायदा लागू झाला, तेव्हापासून डोमेन घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन सहसा झाकलेलेच असतात. आता तर हूइजची सक्तीही उठली आहे, त्याची जागा आरडॅपने घेतली आहे, पण झाकलेलं ते झाकलेलंच. बरेच जण इथेच हात टेकतात. खरं म्हणजे नाव सोडून त्या नोंदीत बाकीचं पुष्कळ असतं: रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवून देणारी कंपनी, कोण, त्या पत्त्यावरून साइटपर्यंत नेणारे नेमसर्व्हर कुणाचे, आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे निर्मितीची तारीख.

आमच्या डोमेनची निर्मितीची तारीख जुनीच होती, संपादकाने पहिल्यांदा घेतलं त्या दिवसाची. हे लक्षात आल्यावर मी जरा सावरून बसले. डॉट कॉमची मुदत संपली की साधारणपणे आधी ४५ दिवसांपर्यंतची सवलत असते, मग ३० दिवस ते जादा पैसे भरून सोडवता येतं, मग ५ दिवस ते पुसलं जाण्याच्या रांगेत उभं राहतं. ही सगळी पायरी उतरून पुसलं गेलं आणि मग कुणी घेतलं, तर निर्मितीची तारीख नवी पडते. इथे ती जुनीच, म्हणजे डोमेन कधी पुसलंच गेलं नव्हतं. रजिस्ट्रार मंडळी मुदत संपलेली चांगली डोमेनं त्याआधीच लिलावात काढतात, तिथून ते गेलं असणार. आणि अशा लिलावांवर हौशी माणसं नजर ठेवून बसत नाहीत. तिथे बसतात ते धंदेवाले. कुणा जुन्या चाहत्याने प्रेमापोटी साइट पुन्हा उभी केली असेल, ही माझ्या मनातली भाबडी शक्यता तिथेच मिटली.

मग वेबॅक मशीन, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रतींचं कोठार. इंटरनेट आर्काइव्हने २००१मध्ये ते लोकांसाठी खुलं केलं, आणि अशा कामात त्याच्याइतका साक्षीदार दुसरा नाही. कॅलेंडरवरचे ठिपके दाबत बसण्यापेक्षा मी त्याची सीडीएक्स यादी काढली. त्यात त्या पत्त्याची प्रत्येक नोंद वर्ष-महिना-दिवस-तास-मिनिट-सेकंद अशा चौदा आकड्यांच्या शिक्क्यासह एका ओळीत येते. वाचायला रूक्ष, पण गोष्ट स्वच्छ दिसते. निरोपाचा मजकूर, मग बराच काळ शुकशुकाट, मग 'हे डोमेन विक्रीला आहे' छापाचं पान, मग कोरं वर्डप्रेस, म्हणजे साइट उभारायची तयार चौकट, आणि मग एका झटक्यात आमचे सगळे जुने लेख. जणू साइट कधी बंदच पडली नव्हती.

हे लेख त्यांना मिळाले कुठून? संपादकाकडचा बॅकअप त्याच्याच कपाटातल्या डिस्कवर होता. उत्तर सापडलं ते पानाच्या सोर्समध्ये, म्हणजे पानामागच्या एचटीएमएल संकेतांत, अगदी तळाशी. वेबॅक मशीन आपण साठवलेलं पान दाखवताना एचटीएमएलच्या शेवटी एक टिपण जोडतं, की ही फाइल अमुक तारखेला साठवली आणि तमुक तारखेला इंटरनेट आर्काइव्हमधून घेतली. वाचकाला ते दिसत नाही, सोर्स उघडला की दिसतं. नव्या साइटवरच्या बहुतेक लेखांतून ते पुसलेलं होतं. पण शटरच्या स्प्रिंगवरच्या एका जुन्या लेखाच्या पोटात ते जसंच्या तसं राहिलं होतं, सेकंदांसकट. म्हणजे आमची साइट आर्काइव्हमधून कधी ओरपली त्याची तारीख त्यांनीच लिहून ठेवली होती. त्याच लेखातल्या एका चित्राचा पत्ताही अजून आर्काइव्हकडेच बोट दाखवत होता. त्या पानाची प्रत मी तत्काळ पुन्हा आर्काइव्हमध्ये जमा केली आणि स्क्रीनशॉट काढून ठेवला. अशा वेळी हा क्रम सोडू नये: आधी पुरावा साठवायचा, मग हळहळ.

परक्या बाईकडे वळले. फोटोवरून फोटो हुडकणाऱ्या उलट शोधात तिचा फोटो कुठेच सापडला नाही, आणि हेच संशयास्पद होतं. जिवंत माणसाचा चेहरा सहसा कुठेतरी आणखी असतो. साइटवरचे सगळे 'लेखक' एकत्र घेतले, फोटो एकाच मापाचे केले आणि अर्धपारदर्शक करून एकावर एक ठेवले. डोळ्यांवर डोळे बसले. केस वेगळे, हनुवट्या वेगळ्या, पण बाहुल्या सगळ्यांच्या एकाच जागी. स्टाइलगॅन जातीच्या यंत्रांनी बनवलेल्या चेहऱ्यांची ही जुनी खूण आहे, कारण ज्या फोटोंवर ती शिकली ते सगळे आधी चेहरा मध्यभागी आणून कापलेले होते. एका गृहस्थांच्या चष्म्याची एक काडी कानाआधीच हवेत विरघळली होती. माझ्या नावाला जोडलेल्या बाईंच्या डाव्या कानात डूल, उजव्यात मोती. एकटीच होते तरी मोठ्याने हसले.

इथवर 'काय' कळलं होतं. 'कोण' अजून अंधारात.

दोन वाटा एकदम सापडल्या. पहिली प्रमाणपत्रांची. कुलपाचं चिन्ह दाखवणाऱ्या साइटला टीएलएस प्रमाणपत्र, म्हणजे सुरक्षित जोडणीसाठीचं ओळखपत्र, लागतं, आणि आजकाल दिलेलं जवळपास प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवह्यांत चढवावं लागतं. २०११मध्ये डिजिनोटार नावाच्या प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीत घुसखोरी होऊन खोटी प्रमाणपत्रं बाहेर पडली, त्या धक्क्यातून ही पद्धत पुढे आली. क्रोमने ३० एप्रिल २०१८नंतर दिलेल्या प्रमाणपत्रांसाठी ती सक्तीची केली. सीआरटी डॉट एसएच या शोधपानावर डोमेन टाकलं की ती सगळी जंत्री उघडते. आमच्या डोमेनच्या जंत्रीत नव्या मालकाने उद्घाटनाआधीच घेतलेलं एक प्रमाणपत्र होतं, 'स्टेजिंग' अशा उपनावाचं. मुख्य साइट एका मधल्या सेवेच्या आड लपलेली, तिचा खरा सर्व्हर दिसत नव्हता. चाचणीच्या जागेला मात्र तो पडदा लावायला कुणी तरी विसरलं होतं. तिथे आमचीच साइट अर्धवट रंगवलेली होती आणि तळाशी, कॉपीराइटच्या ओळीत, भलत्याच एका बागकामाच्या साइटचं नाव. साचा तिथून उचलला होता. तीही बागकामाची साइट शोधली: वर्षानुवर्षं मेलेली, मग अचानक जिवंत, आणि तिथले लेखकही डोळ्यांवर डोळे बसणारे.

दुसरी वाट पैशाची, आणि माझ्या मते अशा शोधात खरी तीच. डोमेन घेणारा आपलं नाव झाकू शकतो, सर्व्हर झाकू शकतो, चेहरे तर बनवूच शकतो. पण जाहिरातीचे पैसे त्याच्या खात्यात यायचे, तर जाहिरात विकत घेणाऱ्यांना कुठेतरी सांगावं लागतं की या पानावरची जागा विकायचा हक्क कुणाला आहे. त्यासाठी २०१७पासून साइटच्या मुळाशी 'अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी' नावाची साधी मजकूर-फाइल ठेवतात. ब्राउझरमध्ये पत्त्यापुढे ते नाव टाकलं की कुणालाही वाचता येते. प्रत्येक ओळीत जाहिरात बाजाराचं नाव, खात्याचा क्रमांक, आणि 'डायरेक्ट' की 'रीसेलर' हे. नवखी माणसं त्या शेकडो ओळी बघून दबकतात. पण रीसेलरच्या ओळी बाजूला सारायच्या, त्या मध्यस्थांच्या असतात आणि हजारो साइटांवर त्याच असतात. डायरेक्टच्या ओळी म्हणजे साइटवाल्याचं स्वतःचं खातं, निदान ज्याच्या हाती त्याने जाहिरातींचा कारभार सोपवलाय त्याचं.

त्या डायरेक्ट ओळींतला गूगलचा 'पब' क्रमांक, म्हणजे जाहिरातीच्या खात्याचा आकडा, उलट शोधणाऱ्या एका साधनात टाकला आणि समोर एक यादीच उलगडली. बागकाम तर होतंच, शिवाय प्रवास, मुलांची गाणी, बुद्धिबळ, एका बंद पडलेल्या शहरी साप्ताहिकाचं डोमेन. सगळ्या एकेकाळी कुणाच्या तरी जिवाभावाच्या. पूर्वी साइटवरच्या वाचकांची मोजदाद करणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या 'यूए' क्रमांकावरूनही अशी नाती लागायची, कारण त्यात खात्याचा आकडा सरळ दिसायचा. १ जुलै २०२३पासून ते जुनं अ‍ॅनालिटिक्स थांबलं, आणि नव्या 'जी' क्रमांकावरून खातं ओळखता येत नाही. जाहिरातीच्या खात्याचं मात्र तसं झालेलं नाही.

तरी सुतावरून स्वर्ग गाठायचा नव्हता. एकाच आयपीवर, म्हणजे सर्व्हरच्या एकाच आकडी पत्त्यावर, शेकडो परक्या साइटा नांदतात, ते शेजारपण काहीच सिद्ध करत नाही. एका प्रमाणपत्रावर अनेक डोमेनं दिसली तरी तेच, पूर्वी मोठ्या सेवा एकमेकांशी संबंध नसलेल्या गिऱ्हाइकांना एकाच प्रमाणपत्रात कोंबायच्या. जाहिरातीचं खातंही एखाद्या व्यवस्थापन कंपनीचं असू शकतं, जी दहा वेगळ्या मालकांच्या साइटा सांभाळते. म्हणून मी वहीत तीन रकाने आखले: पक्कं, शक्य, आणि ऐकीव. तोपर्यंत मालकाविषयीचं सगळं 'शक्य'मध्येच होतं.

'पक्कं'मध्ये गेलं ते एका क्षुल्लक गोष्टीने. वर्डप्रेसच्या ४.७ आवृत्तीपासून साइट आपल्या लेखकांची यादी एका ठरावीक पत्त्यावर यंत्राला वाचता येईल अशा रूपात देते, मालकाने ती मुद्दाम बंद केली नसेल तर. त्या यादीत प्रत्येकाच्या छोट्या चित्राचा पत्ता असतो, आणि त्या पत्त्यात त्या माणसाच्या ईमेलचा हॅश, म्हणजे ईमेल कुटून केलेली अक्षर-आकड्यांची माळ. माळेवरून ईमेल सरळ उलगडत नाही, पण तोच ईमेल दुसरीकडे वापरला तर माळही तीच येते. आमच्या साइटवर माझ्या नावाच्या 'लेखिके'ची, संपादकाच्या नावाच्या 'लेखका'ची आणि मुख्य खात्याची माळ एकच होती. बागकामाच्या साइटवर तीच. बुद्धिबळाच्या साइटवर तीच. इतकी माणसं, वेगवेगळे चेहरे, वेगवेगळी चरित्रं, आणि सगळ्यांचा ईमेल एक. जाहिरातीचं खातं मध्यस्थाचं असेल ही पळवाट तिथे बंद झाली. साइटा चालवणारा हातच एक होता.

तो ईमेल अंदाजाने ताडून बघता आला असता. शक्य ते पत्ते घ्यायचे, कुटायचे आणि माळ जुळते का बघायचं. मी ते केलं नाही. जे उघड ठेवलंय ते वाचणं वेगळं आणि कुणाच्या दाराची कडी किती घट्ट आहे हे चाचपणं वेगळं, असं माझं मत आहे. इतर शोधकांना हे सोवळेपण वाटेल. वाटो.

नावाची गरजही पुढे फारशी उरली नाही. अ‍ॅड्स डॉट टीएक्सटीची जोडीदार फाइल 'सेलर्स डॉट जेसन' जाहिरात बाजारांच्या बाजूने असते. तिच्यात खाते क्रमांकासमोर विक्रेत्याचं नाव लिहिलेलं असतं, गोपनीय ठेवायला सांगितलं नसेल तर. गूगलकडे आमच्या माणसाचं नाव गोपनीय होतं. दुसऱ्या एका लहानशा जाहिरात बाजाराकडे नव्हतं. कंपनीचं नाव मिळालं, ते एका देशाच्या खुल्या कंपनी-नोंदवहीत सापडलं. पत्ता भाड्याचा, टपालापुरता, जिथे आणखी ढीगभर कंपन्या 'राहतात'. संचालक एकच. नाव इथे लिहीत नाही. कंपनी चालवणं गुन्हा नाही आणि माझं भांडण त्याच्याशी आहे तेवढंच आहे.

हा खटाटोप कशासाठी, हेही तोवर कळलं होतं. आमच्या साइटला विद्यापीठांच्या आणि छायाचित्रण मंडळांच्या पानांवरून वर्षानुवर्षं लिंका होत्या. शोधयंत्राच्या लेखी ती पत. डोमेनसोबत पतही हाती येते, आणि मग ती किरकोळीने विकता येते. घडीच्या कॅमेऱ्याच्या भात्याला ठिगळ कसं लावावं, या माझ्याच जुन्या परिच्छेदाच्या मधोमध ऑनलाइन जुगाराची लिंक घुसवलेली सापडली, तीही इतक्या बेमालूमपणे की वाक्याचं व्याकरण शाबूत. मार्च २०२४मध्ये गूगलने मुदत संपलेल्या डोमेनांचा असा गैरवापर आपल्या स्पॅम धोरणात नाव घेऊन घातला. त्याखाली मी तक्रार नोंदवली. पोच अशी काही येत नाही.

कंपनीला मी आणि संपादकाने मिळून पत्र लिहिलं. भाषा त्याने मवाळ केली, माझा पहिला मसुदा छापण्याजोगा नव्हता. उत्तर लवकर आलं आणि अगदी सभ्य होतं: डोमेन आम्ही कायदेशीर लिलावात घेतलंय, मजकूर त्यासोबत आलाय, तुम्हाला हवं असेल तर योग्य किमतीत परत देऊ. पहिला दावा खरा, दुसरा खोटा. डोमेन म्हणजे पत्ता. तो विकत घेतल्याने त्या पत्त्यावर पूर्वी काय लिहिलं होतं त्याचा कॉपीराइट मिळत नाही. माझ्या लेखांचे हक्क मी संपादकालाही कधी दिले नव्हते, यांना कुठून मिळणार? आणि मजकूर 'सोबत' आला नव्हता, आर्काइव्हमधून ओरपला होता, तारखेसकट.

डोमेन परत मिळवायचा मार्ग आम्ही तपासला आणि सोडून दिला. त्यासाठी १९९९पासून यूडीआरपी नावाची लवादाची पद्धत आहे, पण तिथे नावावर ट्रेडमार्कचा हक्क दाखवावा लागतो, समोरच्याचा हेतू वाईट होता हे सिद्ध करावं लागतं, आणि वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचाची फीच १,५०० डॉलर. आमच्या साइटचं नाव दोन साध्या शब्दांचं, नोंदणी कधी केलीच नव्हती. संपादक म्हणाला, "एवढ्या पैशांत चांगली लेन्स येते." विषय संपला.

म्हणून तक्रार मजकुरापुरती ठेवली. अमेरिकेच्या १९९८च्या डीएमसीए या कॉपीराइटच्या कायद्याखाली सर्व्हर देणाऱ्या कंपनीला नोटीस पाठवता येते. मधल्या पडद्यामागची कंपनी कोणती हे स्टेजिंगच्या पत्त्यावरून आधीच माहीत होतं, त्यामुळे नोटीस योग्य दारात गेली. प्रत्येक लेखाचा पत्ता, त्याची आर्काइव्हमधली मूळ प्रत, आणि त्या विसरलेल्या टिपणाचा स्क्रीनशॉट. माझे जुने लेख उतरले. संपादकाचेही, त्याने वेगळी नोटीस दिल्यावर. बॅटरीवरचा लेख मात्र नोटिशीत बसेना, कारण तो माझा नव्हताच, फक्त नाव माझं होतं. त्यासाठी कंपनीला आणखी एक पत्र गेलं, या वेळी माझ्या भाषेत. आता त्या लेखावर दुसरंच नाव आहे, फोटो त्याच बाईंचा. अल्कलाइन बॅटरी अजून अगदी तशीच चालते.

यादीतल्या बाकी साइटांच्या जुन्या मालकांना मी कळवते आहे. बुद्धिबळवाल्यांना त्यांची साइट पुन्हा सुरू झाल्याचा पत्ताच नव्हता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की आमच्या नावावर लिहिलेले डाव तरी बरोबर आहेत का.